मीटरवरचे चौदा किलोमीटर

प्रिय वत्सला,

तुला जाऊन चार महिने आणि सहा दिवस झाले. इतक्या दिवसांत मी तुला पत्र लिहिले नाही, कारण मृत व्यक्तीस पत्र लिहिणे मला तर्कसंगत वाटत नव्हते. आजही वाटत नाही. परंतु मागच्या रविवारी मला जे कळले, ते ज्या एकमेव व्यक्तीशी बोलावे ती तूच आहेस, आणि तू उत्तर देण्याच्या पलीकडे गेली आहेस. म्हणून लिहीत आहे.

तू मला फसवलेस, वत्सला! हे एक वाक्य लिहायला मला पाच दिवस लागले. पाच दिवसांत मी ते सात वेळा खोडले. आता राहू देतो. पुढे काय येईल ते येवो.

गोष्ट आपल्या लँब्रेटा स्कूटरची आहे. तुझ्यानंतर ती अंगणात तशीच उभी होती. मी पायीच महाविद्यालयात जातो. अंतर फार नाही. शेवटी ती विकावी असे ठरवले. गिऱ्हाईक आले, पण गाडी चालू होईना. मी चाळीस वेळा किक मारली असेल. शेजारचे देशकर म्हणाले, "सर, ही जुनी इटालियन बनावटीची गाडी आहे. आता शहरात तिची नस ओळखणारा एकच माणूस उरला आहे. लकडगंजात असतो. तुमचाच जुना देविदास."

देविदास! ज्याचे तोंड मी अकरा वर्षांत पाहिले नव्हते. नाही, हे चूक आहे. एकदा पाहिले होते. तू गेल्यावर पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्या दिवशी तो आला होता. फाटकाबाहेर, चपला हातात धरून उभा होता. मी त्याला आत ये म्हटले नाही. मनात म्हणालो, केवढा हा निर्लज्जपणा!

त्याच्यावर मी असा का रुष्ट होतो, ते तुला सांगण्याची गरज नाही. तरीही सगळे क्रमाने मांडू दे. वर्गात मांडतो तसे. क्रम सुटला की माझा तोल जातो, हे तुला माहीत आहे.

आपण गाडी घेतली तेव्हाची तू मला आठवतेस. माझे वडील गिरणीत सूत कातणीच्या खात्यात होते. आपल्या साऱ्या वस्तीत दोन चाकांचे वाहन म्हणजे सायकल. मी पहिला पदवीधर, पहिला व्याख्याता आणि पहिला स्कूटरवाला. तू गाडीच्या पुढच्या पत्र्यावर हात फिरवून म्हणालीस, "अहो, हे इटलीवाले लोक किती गोल-गोल बनवतात वं माय!" मी तुझी भाषा सुधारली. तुझी भाषा मी एकोणतीस वर्षे सुधारत आलो. 'मले' नव्हे, 'मला'. 'काहून' नव्हे, 'का'. तू मान हलवायचीस आणि पुढच्या वाक्यात पुन्हा 'मले' म्हणायचीस. आता या घरात कोणी चुकत नाही. सगळे अगदी शुद्ध आहे!

सीताबर्डीच्या पदपथावरून मी इंग्रजी मोटार-मासिकांचे जुने अंक आणायचो आणि जेवणानंतर तुला मराठीत करून सांगायचो. तू भाजी निवडत ऐकायचीस. आपल्याला मूल नव्हते. संध्याकाळी घरात माझाच आवाज असायचा. युद्धानंतर इटलीचे विमानांचे कारखाने कसे जमीनदोस्त झाले होते, विमाने करण्यावर बंदी आल्यावर तिथल्या अभियंत्यांनी स्कूटर कशी घडवली, आपल्या गाडीचे नाव मिलान शहराजवळच्या एका लहान नदीवरून कसे आले, हे सारे तुला पाठ होते.

आणि ती हजार मैलांची शर्यत! ब्रेशियापासून रोमपर्यंत आणि परत ब्रेशियाला. धावपट्टी वगैरे काही नाही. गावांमधून, चौकांमधून, साध्या रस्त्यांवरून. गाड्या एकामागून एक ठरावीक अंतराने सुटत, आणि प्रत्येक गाडीवर रंगवलेला क्रमांक म्हणजे तिची सुटण्याची वेळ. सात वाजून बावीस मिनिटांनी सुटणाऱ्या गाडीवर सातशे बावीस. केवढी शिस्त! मला त्या पद्धतीचे फार कौतुक होते. सत्तावन्न साली त्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली, लहान मुलेही मेली, आणि शर्यत कायमची बंद पडली, हे मी सांगितले तेव्हा तू विळी बाजूला ठेवलीस.

"त्या लेकरायची नावं काय होती?"

"नावे छापलेली नाहीत," मी म्हणालो.

"गाडीचं नाव छापलं असन ना पण?"

छापले होते. मी तुला ते सांगितलेही.

अठ्ठावन्न सालच्या एका अंकात त्या इटालियन बाईची हकीकत होती, आठवते? तिच्या भावांनी तिला चिडवले, तुला काही वेगाने गाडी चालवता यायची नाही. आणि ती थेट ग्रां प्री शर्यतीत उतरली, बेल्जियममध्ये दहावी आली. पुढे एका शर्यतीच्या अधिकाऱ्याने तिला अडवले म्हणे. बाईच्या डोक्याला केस वाळवायच्या यंत्राचीच टोपी शोभते, असे काहीसे तो बोलला. हे वाचून मी हसलो होतो. तू हसली नाहीस. म्हणालीस,

"अहो, मले बी शिकवा ना गाडी."

"उद्या पडलीस म्हणजे?"

"पडली तं उठन."

"लोक काय म्हणतील? मेश्रामांनी गाडी घेतली आणि बायको रस्त्यावर आणली! आपल्याकडे बोट दाखवायला लोक टपलेले असतात, वत्सला. आपल्याला चुकण्याची मुभा नाही."

तू काय उत्तर दिलेस, ते मला आज अक्षरशः आठवते. "लोकायचं काय! तुमी पाटी घेऊन शाळेत गेले, तवाबी ते हासतच होते."

मी विषय बदलला. वर्गात निरुत्तर झालो की मी फळा पुसतो, तसा.

नंतर महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळापुढे माझे 'इटालियन वाहनांचा इतिहास' हे व्याख्यान झाले. तू तिसऱ्या रांगेत होतीस. देविदासही मागे दाराशी उभा होता. गाड्यांवर व्याख्यान आहे म्हणून आपले दुरुस्तीचे दुकान बंद करून आला होता. मी मोठ्या अभिमानाने सांगितले की स्कूटरचा मधला भाग मोकळा ठेवला, त्याला कारण आहे. झगा घातलेल्या बाईलाही सभ्यपणे बसून ती चालवता यावी, हा त्या रचनेमागचा विचार! तेवढ्यात एका विद्यार्थ्याने विचारले, "मग सर, मॅडम चालवतात का?"

मी म्हणालो, "आमच्या मंडळींना मागे बसण्याचा पूर्ण अधिकार दिलेला आहे."

सभागृह हसले. तूही हसलीस. पदर तोंडाशी धरून हसलीस, आणि मला वाटले, तुला विनोद आवडला!

आता ती दुपार. अमरावतीची परीक्षेची कामे आटोपून मी परतलो होतो. मी नसताना गाडी देखभालीसाठी देविदासकडे जात असे. तो घरून नेई आणि घरी आणून सोडी. तुला ठाऊक आहे, गाडीच्या मीटरवरचा आकडा मी रोज वहीत टिपत असे. घरापासून धरमपेठेतल्या त्याच्या दुकानापर्यंत जाऊन-येऊन दोन किलोमीटर. मीटरवर सोळा वाढले होते. चौदा जास्त! शिवाय पुढच्या पत्र्यावर खडूने काहीतरी लिहून पुसलेले. २११ असा आकडा दिसत होता.

मी तुला मागे बसवून सरळ त्याच्या दुकानी गेलो. बाजूच्या चहाच्या टपरीवर महाविद्यालयाचे तीन प्राध्यापक आणि पाच-सहा विद्यार्थी होते. मी आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. स्वच्छ शब्दांत विचारले, "देविदास, माझी गाडी घेऊन चौदा किलोमीटर तू कुठे भटकलास? आणि गाडीवर आकडे कोणी गिरवले?"

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या मागे पाहिले. मग म्हणाला, "हो सर. मीच नेली होती. चुकलं."

"ही चूक नव्हे. ही चोरी आहे," मी म्हणालो. सर्वांसमक्ष म्हणालो.

त्यानंतर मी शिक्षक-कक्षात सांगितले, कार्यालयात सांगितले, प्रयोगशाळेतल्या लोकांना सांगितले. तत्त्वाचा प्रश्न होता! महाविद्यालयाच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडे जात. त्या बंद झाल्या. वर्षाच्या आत त्याने दुकान सोडले. मला खंत वाटली नाही. नियम सर्वांना सारखा, असे मी म्हणालो होतो, आणि तू ताट घेऊन आत निघून गेली होतीस.

आता मागचा रविवार.

लकडगंजात, लाकूड कापणाऱ्या एका आरागिरणीच्या भिंतीला टेकून त्याची टपरी आहे. लाकडाच्या हातगाड्यांची चाके बसवतो, कुणाची मोटार दुरुस्त करतो. केस पांढरे झाले आहेत. मी गाडी ढकलत नेली होती. त्याने नमस्कार केला, हातातला पाना खाली ठेवला आणि लँब्रेटाच्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाला,

"बाईची गाडी इकून राहिले काय सर?"

"बाईची? ही माझी गाडी आहे."

"हो, कागदावर तं तुमचीच आहे. पण चालवाची तं बाईच! तुमच्यापेक्षा चांगली चालवत होती, राग नका मानू. तुमी गिअर टाकता तवा गाडी कन्हते. बाई टाके तं आवाजच नाई."

आरागिरणीचा आवाज फार होता. मला वाटले, मी चुकीचे ऐकले. मी त्याला पुन्हा सांगायला लावले. तेव्हा तो गोंधळला. फडक्याने हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"तुमाले मालूम नाई? बाईनं सांगतलं नाई तुमाले?"

मग त्याने सांगितले. व्याख्यानाच्या दुसऱ्याच आठवड्यात तू त्याच्या दुकानी गेलीस आणि म्हणालीस, "देविदासभाऊ, मले शिकवा. सर शिकवाचे नाईत." मी अमरावतीला असलो की अंबाझरीच्या रस्त्यावर तुझे शिक्षण चाले. महिन्याभरात तू एकटी जाऊ लागलीस. तलावापर्यंत जायचे, पुढे थोडा सरळ रस्ता मोकळा मिळे तिथे वेग घ्यायचा आणि परत. आणि निघताना पत्र्यावर खडूने वेळ लिहायची! दोन वाजून अकरा मिनिटे. दोनशे अकरा. देविदास आधी मीटरची तार सोडवून ठेवी आणि घड्याळ घेऊन दुकानाच्या पायरीवर बसे; त्या एका दिवशी तार सोडवायची राहून गेली.

"बाई मने, इटलीत असंच लिवतात. सरायनं सांगतलं आहे."

वत्सला, ज्या माणसाने ती पद्धत तुला शिकवली, त्याने तो आकडा डोळ्यांसमोर असताना ओळखला नाही. त्याने तो चोरीचा पुरावा म्हणून वापरला!

मी देविदासला विचारले, "मग त्या दिवशी तू खोटे का बोललास?"

"बाईचा चेहरा पाह्यला, सर. तुमच्या मागं बसली होती. तोंड उघडत होती, मीच मान हलवली. मनलं, एवढ्या लोकायसमोर बाईची फजिती काहून? दोन दिस सर रागावतील, मंग येतील. बाई जाता-जाता हळूच मने, मी घरी सांगते. मंग तुमी आलेच नाई. मी समजलो, बाईनं सांगतलं, अन् मालूम असूनबी तुमी मले माफ नाई केलं."

अकरा वर्षे तो माणूस असे समजत होता! सत्य ठाऊक असूनही मी त्याची भाकरी हिरावली, असे! आणि तरीही तो तुझ्यासाठी चपला हातात घेऊन फाटकाबाहेर उभा राहिला.

तू घरी सांगणार होतीस. का सांगितले नाहीस?

पण तू सांगायला आली होतीस, नाही का? त्याच संध्याकाळी तू दाराशी उभी राहिलीस. "अहो, मले त्या गाडीबद्दल काही सांगाचं आहे." आणि मी वर न पाहता म्हणालो, "त्या माणसाची वकिली करायची असेल तर कृपा करून बोलू नकोस." दोन दिवसांनी पुन्हा आलीस. त्या वेळी मी तुला प्रामाणिकपणावर बोललो. किती वेळ बोललो, कोण जाणे. तुझ्या हातातला चहा निवला, एवढे स्मरते. तिसऱ्यांदा तू आली नाहीस.

तरीही माझा तुझ्यावर राग आहे. मी तो लपवणार नाही. तू माझ्या हातातली वही हिसकावून का घेतली नाहीस? ओरडली का नाहीस? अकरा वर्षे म्हणजे काय दोन-चार दिवस होते? एका निरपराध माणसाला मी चोर म्हणत राहिलो आणि तू मला म्हणू दिलेस. मी अन्यायी ठरत गेलो आणि तू समोर बसून मला वाढत राहिलीस. काहून, वत्सला? काहून नाही सांगितलेस?

हा शब्द माझ्या लेखणीतून आला. खोडत नाही.

देविदासने अजून एक सांगितले. त्या दिवसानंतर तू गाडीला हात लावला नाहीस. "ज्यानं शिकवलं त्याचं दुकान गेलं, मी कोणत्या तोंडानं चालवू?" असे म्हणालीस. पण लकडगंजात मात्र यायचीस. दोन-तीन महिन्यांतून एकदा, सिटी बसने. मला सांगायचीस, बहिणीकडे जाते. त्याच्या टपरीपुढे उभी राहून एवढेच विचारायचीस, "सर आले होते काय?" तो म्हणायचा, "येतील, बाई." तू परत फिरायचीस.

मी गेलो नाही. मला जायचे आहे हेच मला ठाऊक नव्हते!

त्याच सुमारास तू शर्यतींच्या हकिकती ऐकणे सोडलेस. डोके दुखते म्हणायचीस. इटलीतला आपल्या गाडीचा कारखाना बंद पडला आणि त्याची यंत्रे आपल्या देशात आणली गेली, ही बातमी मी केवढ्या उत्साहाने तुला सांगितली होती. तू "बरं" म्हणालीस आणि दिवा मालवलास. मला वाटले, वयाने तुझी जिज्ञासा ओसरली. मी मनातल्या मनात तुझी कीवसुद्धा केली. कोणाची कीव कोणी करावी!

मी देविदासची क्षमा मागितली. मागितली म्हणजे, "माझ्याकडून मोठी चूक झाली," असे शब्द उच्चारले. त्याने गाडीचे इंजिन उघडले होते. मान वर न करता म्हणाला,

"सर, तुमी चार लोकायसमोर बोलले होते. आता इथं आरागिरणीत, कोणाले ऐकू येत नाई अशा जागी बोलून काय होते?"

तो उद्धट बोलला नाही. अतिशय सौम्यपणे बोलला. त्याचे म्हणणे बरोबर होते. आणि तिथे पुसायला फळाही नव्हता.

त्याने गाडी चालू करून दिली. मी ती विकणार नाही. हा भावनेचा प्रश्न नाही. जी वस्तू अर्धी दुसऱ्याची आहे, ती एकट्याला विकता येत नाही, इतकेच.

पाच दिवस मी भीत होतो, हेही लिहून ठेवतो. चार लोकांसमोर बोलायचे म्हणजे तुझे नाव घ्यावे लागेल. लोक म्हणतील, मेश्राम सरांच्या बायकोने सरांच्या डोळ्यांत धूळ फेकली. मागच्या बाकावरची मुले हसतील. ज्या हसण्याच्या भीतीने मी तुला आयुष्यभर मागे बसवले, ते हसणे आता मला एकट्याला ऐकावे लागेल. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हासू द्या." तुला ते सोपे होते. मला कधीच नव्हते.

सोमवारी मधल्या सुट्टीत शिक्षक-कक्ष भरलेला असतो. त्या दिवशी टपरीवर असलेल्या तिघांपैकी दोघे अजून नोकरीत आहेत. मी उभा राहून सांगेन की देविदासने माझी गाडी नेली नव्हती. माझ्या पत्नीने नेली होती. तिला उत्तम चालवता येत होती, मी तिला शिकवायला नकार दिला होता, आणि ती दोनदा मला हे सांगायला आली तेव्हा मी तिला बोलू दिले नाही. देविदासला मी चोर म्हणालो, ते खोटे होते. हेच सगळे कार्यालयात आणि प्रयोगशाळेत सांगेन. जिथे जिथे बोललो होतो, तिथे तिथे. त्यानंतर ज्यांना हसायचे ते हसोत.

पण वत्सला, एक गोष्ट मला कोणीही परत देऊ शकणार नाही. तुला गाडी चालवताना अंबाझरीच्या रस्त्यावरच्या भाजीवाल्यांनी पाहिले. तलावावर कपडे धुणाऱ्या बायकांनी पाहिले. ट्रकवाल्यांनी पाहिले, देविदासने पाहिले. मी पाहिले नाही. इटलीतल्या प्रत्येक वळणाची मला माहिती होती, आणि माझ्या घरापासून चार किलोमीटरवर काय चालले आहे, ते मी पाहिले नाही!

म्हणून तुला एक वचन देतो. सोमवारचे काम झाले की मी लकडगंजला जाईन आणि देविदाससमोर बसेन. त्याला म्हणेन, सांग. ती मूठ कशी धरायची, पदर कसा खोचायची, वळणावर वेग कमी करायची की नाही, परत आल्यावर पहिला शब्द काय बोलायची. त्याला जसे आठवेल तसे, त्याच्या भाषेत, तुझ्या भाषेत सांगू दे. त्याला कितीही वेळ लागो.

मी मध्ये एक शब्दही बोलणार नाही.

तुझा,
भास्कर